निळं म्हणजे मोकळी जागा

बाबांना झटका आला त्या दिवशी मी समुद्रात होते. मुंबईच्या किनाऱ्यापासून बरंच आत, तेलविहीर खणणाऱ्या एका रिगवर. समुद्रतळाखालच्या चुनखडकातून विहीर खाली चालली होती आणि वर येणारा दगडाचा चुरा धुऊन, वाळवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे माझं काम होतं. आईनं शेजारच्या काकांकडून ऑफिसला फोन करवला, ऑफिसनं रिगवर कळवलं. मी पुढच्या हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर आले आणि मिळेल त्या गाडीनं परभणीला पोचले.

दवाखान्यात बाबा खाटेवर बसलेले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "फळा."

मी म्हटलं, "काय बाबा?"

"फळा, फळा," ते म्हणाले, आणि आपण भलतंच बोललो हे त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हाता-पायाचं बळ बऱ्यापैकी परत येईल. मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला मार बसला आहे. त्यांना सगळं समजतं, बुद्धी शाबूत आहे, फक्त हवा तो शब्द सापडत नाही, कधी सापडतो तो चुकीचा. किती सुधारेल हे आज सांगता येणार नाही.

बाबा जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत होते. आमच्या सोनपेठात जयंती असो, कुणाचं लग्न असो की शोकसभा, माईक शेवटी त्यांच्या हातात जायचा आणि लवकर सुटायचा नाही. आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला तेव्हापासूनचा घराचा सगळा इतिहास त्यांना मुखोद्गत होता आणि पाहुण्याला तो ऐकल्याशिवाय चहा मिळायचा नाही. आई त्यांना हसायची, "तुमच्या बोलण्यानं दूध नासंल." असा माणूस आता पाणी मागायचं तर बोटानं कोपऱ्यातला माठ दाखवायचा.

घरी आणल्यावर एक विचित्र गोष्ट कळली. सकाळी आईनं मेणबत्ती लावली, वंदना सुरू केली आणि बाबा बरोबरीनं म्हणायला लागले. सगळी वंदना, पालीतली, एक अक्षर न चुकता. आई म्हणता म्हणता थांबली आणि रडायला लागली. तिला वाटलं, वाचा परत आली. वंदना संपली. तिनं विचारलं, "च्या घेता का?" बाबांनी तोंड उघडलं, बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. पाठ केलेलं मेंदूत दुसरीकडून येतं, असं पुढं परभणीच्या स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितलं. नवीन बोलायचं तर शब्द एकेक करून शोधावा लागतो.

मी ऑफिसात बोलले. रिगवर जाणं शक्य नव्हतं, पण घरून करण्यासारखं काम द्या म्हटलं. माझे वरिष्ठ भले गृहस्थ. त्यांच्याकडे एक रेंगाळलेलं काम होतंच. एकाच क्षेत्रातल्या दोन विहिरी. दोन्हींचा खडक एकच, समुद्राखालचा चुनखडक. दोन्हीत पोकळ्यांचं प्रमाण जवळपास सारखं. पहिल्या विहिरीतून तेल चांगलं येत होतं, दुसरीतून अगदी जेमतेम. का, ते दगडात बघून सांगायचं होतं. विहिरीतून काढलेल्या दगडाच्या चकत्यांचे शेकडो फोटो त्यांनी मला पाठवले. "घाई नाही," ते म्हणाले, "पण नीट बघ. आजवर दोघांनी बघितलं, दोघांनी वेगवेगळं सांगितलं."

नवऱ्यानं मुंबईतलं घर सांभाळलं आणि मी सोनपेठच्या घरात, पुढच्या खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलावर लॅपटॉप मांडला.

आठवड्यातून एकदा आम्ही एस.टी.नं परभणीला जायचो. थेरपीच्या बाई वयानं लहान, पण कामात पक्क्या. त्यांनी चित्रांचे पत्ते दिले: गाय, कप, कंगवा, कुलूप. एकेक चित्र दाखवायचं, नाव विचारायचं, आणि वाट बघायची. "तुम्ही शब्द पुरवायचा नाही," त्यांनी आईला बजावलं. "त्यांना शोधू द्या. कितीही वेळ लागू द्या."

आईला ते जमेना. बाबांनी तोंड उघडलं की ती शब्द हातावर ठेवायची. त्यांना चष्मा हवा असायचा. ती शाल आणायची, मग पेपर, मग गोळ्यांचा डबा, आणि शेवटी चष्मा, आणि बाबा तोवर इतके चिडलेले असायचे की तो घ्यायचे नाहीत. आई पंचवीसेक वर्षं अंगणवाडीत होती. मुलाच्या तोंडातून शब्द कसा काढायचा हे तिला ठाऊक होतं, पण स्वतःच्या नवऱ्यापुढं थांबणं तिला शक्य नव्हतं.

आणि पत्ते तर बाबांना पाहवेनात. तिसऱ्या दिवशी मी गाईचं चित्र पुढं धरलं. त्यांनी ते माझ्या हातातून डाव्या हातानं घेतलं, उलटं करून खाटेवर ठेवलं, त्याच्यावर बाकीचे पत्ते ठेवले आणि सगळे मिळून खिडकीबाहेर टाकले. शांतपणे. पहिलीच्या पोरांना असे पत्ते त्यांनी स्वतः पुठ्ठे कापून करून दिलेले होते. त्यांना राग येणं मला समजत होतं. आई बाहेर जाऊन पत्ते गोळा करून आली. कंगवा नालीत गेला होता.

त्यानंतर काही दिवस आम्ही पत्त्यांचं नाव काढलं नाही. मी माझं काम करायची, बाबा मागं खुर्चीत बसून दाराकडे बघायचे. ओळखीचं कुणी आलं की आत जायचे.

एक दिवस मी पडद्यावर एक फोटो मोठा करून बघत होते तर मागून आवाज आला, "निळं."

मी वळले. बाबा खुर्ची ओढून जवळ आले होते.

"निळं," त्यांनी परत म्हटलं आणि पडद्याला बोट लावलं.

शब्द बरोबर होता. चित्रात निळं होतं. मी घाईनं बोलायचं टाळलं. मग म्हटलं, "हो. निळं म्हणजे मोकळी जागा, बाबा. तिथं दगड न्हाई."

त्यांनी भुवया वर केल्या. वर्गात एखाद्या पोरानं अर्धवट उत्तर दिलं की ते असंच करायचे. पुढं बोल, असा त्याचा अर्थ. म्हणून मी सांगायला लागले.

सांगितलं की विहीर खणताना दगडाचा लांब दांडा कापून वर काढतात. त्याचा तुकडा घेतात आणि त्याच्यात निळा रंग घातलेला पातळ डिंकासारखा पदार्थ दाबून भरतात. जिथं बारीक भोक आहे तिथं तो शिरतो आणि घट्ट होतो. मग त्या दगडाची चकती काचेवर चिकटवून घासत घासत इतकी पातळ करतात की पलीकडचा उजेड दिसतो. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून काढलेला हा फोटो. पांढरं, तपकिरी दिसतं तो दगड. निळं दिसतं ती पोकळी. तेल असतं ते त्या निळ्या जागेत. लोकांना वाटतं जमिनीखाली तेलाचं तळं असतं. तसं काही नसतं. दगडच असतो, आणि दगडाच्या भोकांत तेल असतं.

बाबांनी सगळं ऐकलं. मग एका तपकिरी ठिपक्यावर बोट ठेवलं. टोकाला निमुळता, मधे फुगीर, चपटा. त्यांचे ओठ हलायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि तिचंही तोंड उघडलं होतं. मी तिला हातानं थांबवलं.

"ज..." बाबा म्हणाले. "ज... जवस."

"जवस!" आई म्हणाली. "आता दगडात जवस कुठून आला?"

पण आकार जवसाचाच होता. मी बाबांना सांगितलं की हा एका सागरी जिवाचा सांगाडा आहे. समुद्र उथळ आणि कोमट असला की त्यात असे लहान जीव कोट्यवधींनी वाढतात. ते पाण्यातल्या चुन्याचं कवच करतात. मरतात, कवचं तळाशी साचतात, आणि त्यांचा दगड होतो. चुनखडक म्हणजे बहुतेक ह्यांचीच घरं.

तेव्हापासून रोजचा कार्यक्रम ठरला. जेवण आणि दुपारची झोप झाली की बाबा खुर्ची आणून बसायचे. मी फोटो दाखवायची आणि "हे कशासारखं?" विचारून गप्प बसायची. कधी काहीच यायचं नाही. कधी चुकीचं यायचं: एकदा एका गोल कवचाला ते "मंगळवार" म्हणाले आणि स्वतःच हसले, झटक्यानंतर पहिल्यांदा. पण बऱ्याचदा बरोबर यायचं. मसूर. बाजरी. करडई. प्रवाळाच्या तुकड्याला "पोळं", आणि थांबून, "मधाचं." शेवाळाच्या एका लांबट धाग्याला "शेवई." सगळी धान्यं, बिया, घरातल्या गोष्टी. परभणीच्या बाईंना मी ते फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, "शब्द कशावरून येतो ह्याला महत्त्व नाही. त्यांना बघायची इच्छा होतेय ना, मग हेच चालू द्या."

आईला मात्र हे पटायला वेळ लागला. "लोकं येऊन इचारायलेत, गुरुजी कसे हायत, आणि मी काय सांगू? पोरगी त्यांना दगडं शिकवायलीय म्हणू?"

"म्हण की," मी म्हटलं.

माझं स्वतःचं काम त्या काळात हळू चाललं होतं. एक फोटो बघायला एरवी मला दोन-तीन मिनिटं लागतात. बाबांबरोबर अर्धा अर्धा तास जायचा, कारण चित्रात काय आहे ते त्यांना साध्या शब्दांत सांगावं लागायचं, आणि साध्या शब्दांत सांगताना आपल्याला काय कळलं नाही तेही कळतं. वाळूचा खडक असता तर सांगणं सोपं होतं. वाळूचे कण एकावर एक बसतात, मधे जागा राहते, ती थोडी दबते, थोडी भरते, संपलं. चुनखडकाचं तसं नसतं. तो दगड झाल्यावरही बदलत राहतो. समुद्र मागं हटला, खडक उघडा पडला, त्याच्यावर पाऊस पडला, की पावसाचं पाणी त्यात मुरतं. ते काही कवचं विरघळवतं आणि तोच चुना नेऊन दुसऱ्या भोकात भरतं. एका ठिकाणी पोकळी होते, दुसऱ्या ठिकाणी बुजते. पुन्हा समुद्र चढतो, वर नवा थर बसतो. शेवटी आपल्या हातात दगड येतो तेव्हा त्यात हे सगळं एकावर एक झालेलं असतं आणि आधी काय झालं, नंतर काय झालं हे एका चकतीतून ओळखायचं असतं.

बाबांना पाण्यानं दगड विरघळतो हे मान्य नव्हतं. मी असं म्हटलं की ते डोकं हलवायचे. काळ्या दगडाच्या मुलखात जन्म गेलेला. आमच्याकडे पाटा, जातं, विहिरीची बांधणी, चारठाण्याची मंदिरं, सगळं त्याच काळ्या दगडाचं. त्याच्यावरून शेकडो वर्षं पाऊस वाहून गेला तरी कोरलेल्या बाईच्या पायातल्या पैंजणाचे घुंगरू मोजता येतात.

एक दिवस सकाळी फिरून येताना त्यांनी शेताच्या बांधावरून एक पांढरा, वेडावाकडा खडा उचलून आणला. काळ्या मातीत असे खडे सापडतात, आमच्याकडे त्याला चुनखडीच म्हणतात. तो माझ्यापुढं ठेवून ते म्हणाले, "समुद्र?"

"न्हाई बाबा. हा समुद्रातला न्हाई. हा इथंच मातीत झालाय. पण चुनाच हाय. थांबा."

न्हाणीघरात फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली होती. मी अंगणात एका जुन्या बशीत तो खडा ठेवला, शेजारी काळ्या दगडाची एक चीप ठेवली, बाबांना लांब उभं केलं आणि दोन्हींवर थोडं थोडं ॲसिड सोडलं. काळ्या दगडावरून ते नुसतं ओघळलं. चुनखडीवर फसफसून पांढरा फेस आला.

बाबा वाकून बघत होते. "खातंय," ते म्हणाले.

"खातंय. पावसाच्या पाण्यात ह्याच्यापेक्षा कितीतरी कमी जोर असतो. पण त्याला वेळ लय मिळतो."

त्यांनी मान डोलावली. म्हणजे पटलं. तेवढ्यात आई बाहेर आली आणि तिनं बाटली बघितली. "अगं, त्यांचा एक हात चालंना आणि तू त्यांच्याम्होरं ॲसिड घेऊन बसलीस? डोस्कं हाय का ठिकाणावर?" ती मला बोलत असताना बाबांनी तिच्याकडे वळून एक ठणठणीत, अस्सल शिवी हासडली. ही पण पाठ केलेल्यातली असावी. आईला राग यावा की आनंद व्हावा ते कळेना. ती बाटली घेऊन आत गेली.

दुसऱ्या विहिरीचे फोटो सुरू झाले तेव्हा बाबांना साधी दोन-तीन शब्दांची वाक्यं यायला लागली होती. मी पहिला फोटो उघडला. ते बघत बसले.

"जवस," ते म्हणाले. मग थांबून, "निळा... जवस."

मी बघितलं. खरंच, जवसाच्या आकाराचं कवच नव्हतंच तिथं. कवच विरघळून गेलं होतं आणि त्याच्या साच्यात निळा रंग भरला होता. पहिल्या विहिरीत जवस तपकिरी होता आणि निळं त्याच्या भोवती होतं. इथं उलटं. जवस निळा, आणि भोवती सगळं पांढरंशुभ्र, घट्ट, चकाकणारं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कणांच्या मधली पोकळी वेगळी आणि कण विरघळून झालेली पोकळी वेगळी, हे आम्हाला कॉलेजातच शिकवतात. पण एरवी आम्ही एका चकतीत हीपण थोडी, तीपण थोडी, असं लिहून पुढं जातो. मी त्या दिवशी मागं गेले आणि आधी बघितलेले सगळे फोटो ह्याच एका प्रश्नानं पुन्हा बघायला घेतले: निळं जवसाच्या भोवती आहे की जवसाच्या जागी? ते काम कितीतरी दिवस चाललं. शेवटी चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. पहिल्या विहिरीत निळं बहुतेक ठिकाणी भोवती होतं, म्हणजे एका भोकातून दुसऱ्यात जायला वाट होती. दुसऱ्या विहिरीत आधी कणांमधली जागा चुन्यानं बुजली होती आणि मग कवचं विरघळली होती. पोकळ्या तेवढ्याच, पण प्रत्येक पोकळी बंद खोलीसारखी. मोजमापात दोन्हीकडचा आकडा सारखा येणारच. आकडा पोकळी मोजतो, दार मोजत नाही.

असं का झालं असावं, ह्याचा माझा अंदाज असा होता. पहिल्या विहिरीची जागा त्या जुन्या काळात थोडी उंचावर होती. समुद्र हटल्यावर तिथून पावसाचं पाणी वाहून गेलं आणि जाताना चुना घेऊन गेलं. दुसरी जागा सखल होती. तिथं पाणी येऊन थांबलं आणि आणलेला चुना तिथंच टाकला. अंदाजच, पण थरांची उंची दाखवणाऱ्या नकाशाशी तो जुळत होता.

मी अहवालाचा मसुदा लिहायला घेतला होता तेव्हाची गोष्ट. बाबा शेजारी बसून एक फोटो बघत होते. त्यांनी माझ्या मनगटाला धरलं.

"हे," ते म्हणाले. दुसऱ्या विहिरीच्या त्या चकतीत एक केसाएवढी निळी रेघ आरपार गेली होती. दोन-तीन निळ्या जवसांना छेदून.

"ते काही न्हाई बाबा. दगड कापून वर काढताना पडलेली चीर असंल."

त्यांनी मनगट सोडलं नाही. चेहरा लाल झाला, गळ्याची शीर ताठ झाली. आई आतून बघत होती, पण ह्या वेळी तीही बोलली नाही.

"तुला," बाबा म्हणाले, "कसं... कळलं?"

झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला पूर्ण प्रश्न. आणि प्रश्न अगदी बरोबर होता. ती चीर जमिनीखालचीच असती तर माझा निष्कर्षच बदलला असता. बंद खोल्यांना जोडणारी ती वाट झाली असती. मी "असंल" म्हणून पुढं गेले होते.

मी मूळ, मोठा फोटो मागवला. आमचं इंटरनेट तेव्हा पाऊस आला की जायचं. तो उतरायला दुपार गेली. मग दोघं मिळून ती रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मी त्यांना सांगितलं काय शोधायचं: चीर जुनी असेल तर तिच्या दोन्ही काठांवर चुन्याचे बारीक स्फटिक वाढलेले दिसतील, कारण लाखो वर्षं तिच्यातून पाणी गेलेलं असणार. ताजी असेल तर काठ धारदार आणि कोरे असतील. बाबा नाक पडद्याला लावून बघत होते. काठ कोरे होते. सगळीकडे. चीर खरंच दगड वर काढतानाची होती.

"कोरं," बाबा म्हणाले.

"कोरंच हाय. म्हणजे मी म्हटलं ते बरोबर निघालं."

"हां." ते मागं टेकले. "आता... बरोबर."

त्या दिवशी मी खूप खूश होते, पण त्यांना दिसू दिलं नाही. आई स्वयंपाकघरात गेली, डोळे पुसून आली आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "वरण-भात लावू का भाकरी टाकू?"

"भाकरी," बाबा म्हणाले.

अहवाल मी ऑनलाइन बैठकीत मांडला. समोर सात-आठ माणसं, त्यातली निम्मी रिगवरची. मी बंद पोकळ्यांचा मुद्दा सांगितला. माझे वरिष्ठ ऐकत होते. त्यांनी नेमका तोच फोटो थांबवायला लावला आणि विचारलं, "ही चीर नैसर्गिक नाही हे कशावरून?" मी काठांचे मोठे फोटो दाखवले. ते ठीक आहे म्हणाले. बाबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे, पेपर धरून बसले होते. बैठकीची इंग्रजी-हिंदी त्यांना किती कळली कोण जाणे. पण तो प्रश्न आला तेव्हा पेपर खाली आला होता.

पुढं काय झालं ते सांगते. दुसऱ्या विहिरीच्या त्या बाजूला नवीन विहीर घ्यायचा विचार होता, तो पुढं ढकलला गेला. आहे त्याच विहिरीत आम्ल सोडून वाटा मोकळ्या करायचा प्रयत्न झाला. चुनखडकात हे नेहमी करतात. दगड विरघळतो, भोकं एकमेकांना मिळतात. पण आम्ल आपल्याला हवं तिकडंच जाईल ह्याची खात्री नसते. उत्पादन थोडं वाढलं, काही महिने टिकलं आणि पुन्हा घसरलं, पण आधीइतकं खाली गेलं नाही. माझा उंच-सखल जागेचा अंदाज पूर्ण सिद्ध झाला असं अजूनही म्हणता येत नाही. तिथं आणखी खणल्याशिवाय कळायचं नाही.

बाबांचंही असंच आहे. पूर्वीसारखं भाषण ते आता करणार नाहीत, हे थेरपीच्या बाईंनी आम्हाला नीट सांगितलं. पण बाजारातून भाजी आणतात, पैसे मोजून देतात, सायकल दुरुस्तीवाल्याशी राजकारणावर बोलतात. शब्द अडला की हात वर करून समोरच्याला थांबवतात, आणि सोनपेठातल्या लोकांनाही आता थांबायची सवय झालीय. जयंतीला त्यांना मंचावर बोलावलं तेव्हा त्यांनी माईक घेतला, चार वाक्यं बोलले, त्यात एक शब्द चुकला, तो दुरुस्त केला आणि खाली बसले. आई म्हणते, हे आयुष्यातलं त्यांचं सगळ्यात चांगलं भाषण.

मी मुंबईला परत गेले आणि पुढं पुन्हा रिगवरही. निघताना बाबा एस.टी. स्टँडपर्यंत आले, पिशवी डाव्या हातात घेऊन. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो.

आता मी सुट्टीच्या दिवशी फोन करते. फोनवर बोलणं त्यांना अजून जड जातं, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. तरी घेतात. परवा केला तेव्हा त्यांनी विचारलं, "काय चाललंय... खाली?" म्हणजे समुद्राखाली. मी म्हटलं, नवीन विहिरीत प्रवाळाचा जाड थर लागलाय, बघू. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवतो म्हणून खरंच खाली ठेवला. पण बंद केला नाही. मला घरातले आवाज येत राहिले. भांडं ठेवल्याचा, पंख्याचा. मग आई लांबून ओरडली की शेजाऱ्यांची शेळी आत येऊन कढीपत्ता खाऊन गेली, अख्खं झाड सोललं मेलीनं.

"फाटक," बाबांचा आवाज आला. "फाटक तूच उघडं ठेवलंस. सकाळी. मी बघितलं."

"मी कधी ठेवलं? काय बी बोलायलेत!" आई म्हणाली, आणि तिथून दोघांचं जे सुरू झालं ते लवकर संपेल असं वाटेना. थोडा वेळ ऐकून मी फोन बंद केला.